राखेल रॉयस हिची पुष्पचित्रे : ज्ञान, व्यापार आणि नाममुद्रा

प्रस्तावना

युरोपीय कलेच्या इतिहासात फुलांच्या चित्राला दीर्घकाळ दुय्यम स्थान दिले गेले. इतिहास, पुराण आणि धर्मकथांवरील चित्रे श्रेष्ठ, त्याखाली व्यक्तिचित्र आणि निसर्गचित्र, आणि सर्वांत शेवटी फुले, फळे, भांडी यांचे स्थिरचित्र, अशी उतरंड सतराव्या शतकातच रूढ झाली होती. फ्रान्समध्ये फेलिबियाँ याने १६६७ मध्ये आणि हॉलंडमध्ये सॅम्युएल फान होगस्ट्रातेन याने १६७८ मध्ये अशीच प्रतवारी मांडली. स्थिरचित्र केवळ डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूची नक्कल करते, त्यात बुद्धीचा व कल्पनेचा भाग अल्प असतो, हे या प्रतवारीमागचे गृहीतक होते. हाच प्रकार स्त्रियांना मोकळा राहिला आणि त्यांनी त्यात प्रावीण्य मिळविले, यामुळे पुढील काळात 'फुलांचे चित्र म्हणजे बायकांचे चित्र' असे समीकरण तयार झाले. प्रकार गौण म्हणून चित्रकर्तीही गौण, असा निष्कर्ष त्यातून निघत गेला.

प्रस्तुत लेखात डच चित्रकर्ती राखेल रॉयस (१६६४–१७५०) हिच्या पुष्पचित्रांच्या आधारे या गृहीतकाची तपासणी केली आहे. रॉयसची चित्रे शरीरशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि जागतिक सागरी व्यापार यांच्या संगमावर उभी आहेत. त्या व्यापाराचे एक टोक दख्खनच्या किनाऱ्याला आणि दख्खनी दरबाराला स्पर्श करीत होते. रॉयसचे नाव टिकले, परंतु त्याच ज्ञानव्यवहारात सहभागी असलेल्या अनेकांची नावे टिकली नाहीत. नाव कशामुळे टिकते, हा या लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. धाराशिव जिल्ह्यासारख्या प्रदेशाचा कलेतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकांच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही.

डच स्थिरचित्र आणि स्त्री चित्रकार

स्पेनच्या सत्तेविरुद्ध दीर्घ संघर्ष करून उत्तर नेदरलँड्समध्ये जे प्रजासत्ताक उभे राहिले, तेथे चर्च आणि राजदरबार हे चित्रकलेचे प्रमुख आश्रयदाते उरले नाहीत. त्यांची जागा व्यापारी, वकील, वैद्य आणि सुखवस्तू कारागिरांनी घेतली. त्यांच्या घरांच्या भिंतींसाठी मध्यम आकाराची, विकत घेता येण्याजोगी चित्रे हवी होती. या मागणीतून निसर्गचित्र, गृहजीवनाची दृश्ये आणि स्थिरचित्र हे प्रकार बहरले. 'स्टिललेवन' हा डच शब्द सतराव्या शतकाच्या मध्यास प्रचारात आला आणि पुढे तोच इतर युरोपीय भाषांत रूपांतरित झाला.

या बाजारपेठेत स्त्रियांना प्रवेश मिळाला. मात्र तो मर्यादित होता. विवस्त्र मानवी देहाचा प्रत्यक्ष अभ्यास करण्याची मुभा स्त्रियांना नव्हती. देहाच्या अभ्यासावाचून इतिहासचित्र रंगविता येत नव्हते. म्हणजे कलेतील सर्वोच्च मानलेल्या प्रकाराचे दार बंद ठेवून, नंतर स्त्रियांनी त्या प्रकारात काही केले नाही असे म्हटले गेले. स्थिरचित्रासाठी लागणारी वस्तू घरात, बागेत, बाजारात उपलब्ध होती. त्यामुळे फुलांकडे वळणे ही केवळ स्वाभाविक आवड नव्हती. उपलब्ध असलेल्या वाटेचा तो विचारपूर्वक केलेला उपयोग होता.

या वाटेने चालणाऱ्या स्त्रियांमध्ये मारिया फान ओस्टरवेक (१६३०–१६९३) हिचे नाव महत्त्वाचे आहे. फ्रान्सचा चौदावा लुई आणि सम्राट पहिला लिओपोल्ड यांच्या संग्रहात तिची चित्रे गेली. तिने आपली दासी खेर्ट्ये पीटर्स हिलाही चित्रकला शिकविली आणि ती दासी स्वतः पुष्पचित्रकार झाली. हार्लेम येथील युडित लेस्टर (१६०९–१६६०) ही प्रामुख्याने मानवाकृतींची चित्रकार. ती १६३३ मध्ये तेथील संत ल्यूक यांच्या नावाने चालणाऱ्या चित्रकार-संघाची सदस्य झाली. तिच्या मृत्यूनंतर मात्र तिची अनेक चित्रे फ्रान्स हाल्स या चित्रकाराच्या नावावर गेली. १८९३ मध्ये हॉफस्टेड डी ग्रोट या संशोधकाने हाल्सच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या एका चित्रावरील आद्याक्षरे व तारकाचिन्ह ओळखले, तेव्हा लेस्टर हिचे कर्तृत्व पुन्हा प्रकाशात आले. एक लहानशी नाममुद्रा नसती, तर ती चित्रकार इतिहासातून कायमची वजा झाली असती.

राखेल रॉयस : घर, गुरू आणि व्यवसाय

राखेल रॉयसचा जन्म १६६४ मध्ये हेग येथे झाला. तिचे बालपण ॲम्स्टरडॅममध्ये गेले. वडील फ्रेडरिक रॉयस (१६३८–१७३१) हे शरीरशास्त्रज्ञ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ होते. शल्यविशारदांच्या संघात ते शरीररचनाशास्त्र शिकवीत आणि १६८५ पासून वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून ॲम्स्टरडॅमच्या वनस्पती-उद्यानाशी संबंधित होते. आई मारिया पोस्ट ही वास्तुविशारद पीटर पोस्ट यांची कन्या. घरात शास्त्र आणि कला दोन्ही होत्या.

फ्रेडरिक रॉयस यांनी मृत शरीराचे अवयव, प्राणी आणि वनस्पती टिकवून ठेवण्याच्या विशेष पद्धती विकसित केल्या होत्या. त्यांचा संग्रह पाहण्यासाठी युरोपभरातून लोक येत. काचपात्रांतील नमुने ते फुले, शिंपले आणि जाळीदार वस्त्रांनी सजवीत. या कामी मुलींचे साहाय्य झाल्याचे सांगितले जाते. १७१७ मध्ये रशियाचा झार पीटर याने हा संग्रह ३०,००० गिल्डर देऊन विकत घेतला आणि तो सेंट पीटर्सबर्गला नेला. अशा घरात वाढलेल्या मुलीला फूल हे प्रथम अभ्यासाची वस्तू म्हणून भेटले. पाकळीची जोडणी, पानाच्या शिरा, कीटकाच्या पायांची संख्या यांबाबत तिच्या चित्रांत जी अचूकता दिसते, तिचे मूळ येथे आहे.

वयाच्या पंधराव्या वर्षी, १६७९ मध्ये, तिला विलेम फान आल्स्त या नामांकित स्थिरचित्रकाराकडे शिकण्यास पाठविण्यात आले. १६८३ मध्ये त्याच्या मृत्यूपर्यंत हे शिक्षण चालले. फुलांची रचना काटेकोर समतोलात न मांडता तिरप्या, वळणदार रेषेवर मांडण्याची पद्धत आल्स्तने रुजविली होती. रॉयसने ती आत्मसात करून पुढे नेली. धाकटी बहीण आना हीदेखील चित्रकार झाली.

१६९३ मध्ये राखेलचा विवाह व्यक्तिचित्रकार युरियान पोल याच्याशी झाला. या दांपत्यास दहा अपत्ये झाली. त्या काळी विवाहानंतर अनेक स्त्रियांचे चित्रकार्य थांबत असे; युडित लेस्टर हिच्या विवाहोत्तर काळातील ज्ञात चित्रे फारच थोडी आहेत. रॉयसने मात्र काम थांबविले नाही. १७०१ मध्ये ती हेगच्या 'कॉन्फ्रेरी पिक्तुरा' या चित्रकार-संस्थेत दाखल झाली. त्या संस्थेची ती पहिली स्त्री सदस्य होय. १७०८ मध्ये पॅलटिनेटचा इलेक्टर योहान विल्हेल्म याने तिची दरबारी चित्रकार म्हणून नेमणूक केली. तिने ड्युसेलडॉर्फला स्थायिक होण्याची आवश्यकता नव्हती. ॲम्स्टरडॅममध्ये राहून चित्रे पाठविण्याची तिला मुभा होती. १७१६ मध्ये इलेक्टरच्या मृत्यूपर्यंत ही नेमणूक टिकली. तिच्या चित्रांना ७५० ते १,२०० गिल्डर इतकी किंमत येई, तर रेम्ब्रांटला त्याच्या हयातीत एका चित्राचे ५०० गिल्डरहून अधिक क्वचितच मिळाले, असे अभ्यासक नमूद करतात.

रॉयस वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षापर्यंत रंगवीत राहिली. उत्तरायुष्यातील चित्रांवर ती नाव आणि वर्षाबरोबर आपले वयही लिहीत असे. हा केवळ अभिमान नव्हता. वृद्धापकाळातही हात स्थिर आहे आणि काम आपलेच आहे, याची ती स्वतः केलेली नोंद होती.

पुष्पपात्रातील शास्त्र

रॉयसच्या चित्रात गडद पार्श्वभूमीवर काचेचे किंवा दगडी पात्र असते. त्यातून गुलाब, ट्यूलिप, अफू, पिवोनी आणि नाजूक वेली बाहेर झुकलेल्या असतात. एखादी पाकळी गळून कट्ट्यावर पडलेली असते. पानाला किडीने छिद्र पाडलेले असते. देठावर मुंगी, टोळ किंवा फुलपाखरू दिसते. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधील १७१६ सालचे संगमरवरी कट्ट्यावरील पुष्पचित्र या शैलीचा परिपक्व नमुना मानता येईल.

या रचनेविषयी एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पात्रात एकत्र दिसणारी फुले निसर्गात एकाच वेळी फुलत नाहीत. ट्यूलिप वसंतातला, गुलाब आणि अफू उन्हाळ्यातली. म्हणजे असा गुच्छ चित्रकर्तीच्या समोर कधीही ठेवलेला नव्हता. निरनिराळ्या ऋतूंत केलेल्या अभ्यासांच्या आधारे तो मनात रचावा लागे. स्थिरचित्र म्हणजे समोरच्या वस्तूची नक्कल, हे गृहीतक येथेच कोसळते. जी कला नकलेची म्हणून खालच्या पायरीवर बसविली गेली, तिच्यात निरीक्षण, स्मरण आणि रचना या तिन्ही शक्तींचा उपयोग होत होता.

दुसरी बाब फुलांच्या मूळ स्थानाची. ॲम्स्टरडॅमचे वनस्पती-उद्यान १६८२ मध्ये नव्या जागी उभारण्यात आले. डच ईस्ट इंडिया कंपनी आणि वेस्ट इंडिया कंपनी यांच्या जहाजांतून आशिया, आफ्रिका व अमेरिका येथील बिया, कंद आणि रोपे तेथे येत. उद्यानातील वनस्पतींची चित्रनोंद ठेवण्याचे काम १६८६ पासून सुरू झाले. 'मोनिंक्स चित्रसंग्रह' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आठ खंडांत १७०९ पर्यंत ४२० जलरंगचित्रे तयार झाली. यान मोनिंक्स याच्याबरोबर मारिया मोनिंक्स, आलिडा विथोस आणि योहाना हेलेना हेरोल्ट या स्त्रियांनीही ती रंगविली. शास्त्रीय नोंदीच्या कामात स्त्रियांचा हात होता, याचा हा लेखी पुरावा आहे.

ज्या उद्यानात वडील अध्यापन करीत, तेथील परदेशी वनस्पती रॉयसच्या चित्रांत उतरल्या. कृष्णकमळ, निवडुंग, धोतऱ्याच्या जातीचे कर्ण्याच्या आकाराचे फूल यांचा त्यांत समावेश आहे. यांपैकी कृष्णकमळाचे उदाहरण बोलके आहे. ही वेल मूळची अमेरिका खंडातील. स्पॅनिश धर्मप्रसारकांनी तिच्या फुलात ख्रिस्ताच्या यातनांची चिन्हे पाहिली : तंतूंचे वलय म्हणजे काटेरी मुकुट, पाच पुंकेसर म्हणजे पाच जखमा, तीन कुक्षी म्हणजे तीन खिळे. तीच वेल महाराष्ट्रात रुजली, तेव्हा लोकमानसाने त्याच तंतूंत शंभर कौरव आणि त्याच पुंकेसरांत पाच पांडव पाहिले. फूल एकच; परंतु ते ज्या संस्कृतीत गेले, त्या संस्कृतीने त्याला आपली कथा दिली. रॉयसच्या चित्रात ते या दोन्ही कथांपलीकडे, वनस्पती म्हणून, देठापासून तंतूपर्यंत तपशिलात उभे आहे.

दख्खनशी जुळणारे धागे

डच कला आणि दख्खन यांचा संपर्क रॉयसच्या जन्मापूर्वी अर्धशतक सुरू झाला होता. हार्लेमचा चित्रकार कॉर्नेलिस क्लास हेदा हा प्राग येथील सम्राट दुसरा रुडॉल्फ याच्या दरबारातून निघून पूर्वेकडे आला आणि १६१० च्या सुमारास विजापूरला पोचला. कलाप्रेमी सुलतान दुसरा इब्राहिम आदिलशहा (राज्यकाल १५८०–१६२७) याच्या आश्रयास तो १६२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत राहिला. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्ग हा त्या काळी आदिलशाही राज्याच्या सीमेवरील महत्त्वाचा किल्ला होता. बोरी नदीचा प्रवाह वळवून बांधलेल्या बंधाऱ्यातील सुप्रसिद्ध पाणीमहाल इब्राहिमच्याच कारकिर्दीत, १६१३ च्या सुमारास, उभा राहिला. ज्या दरबारात एक डच चित्रकार युरोपीय पद्धतीने रंगवीत होता, त्याच दरबाराच्या सत्तेखाली नळदुर्गचे हे जलस्थापत्य साकारले.

विजापूरच्या चित्रकारांनाही फुलांचे विलक्षण आकर्षण होते. सतराव्या शतकाच्या आरंभीचे, सध्या डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात असलेले मैना घेतलेल्या योगिनीचे चित्र प्रसिद्ध आहे. त्यात योगिनीच्या भोवती तिच्या देहाच्या मानाने अवाढव्य फुले उमललेली आहेत. डच चित्रात फूल शास्त्रीय प्रमाणात येते, तर विजापुरी चित्रात ते भावाच्या प्रमाणात वाढते. दोन्ही परंपरांत ते निव्वळ सजावट नाही. मात्र एक महत्त्वाचा भेद आहे. रॉयसच्या फुलाखाली तिचे नाव आहे. योगिनी रंगविणाऱ्या कलावंताचे नाव निश्चितपणे ज्ञात नसल्याने अभ्यासकांनी त्याला केवळ ओळखीपुरते संबोधन दिले आहे.

पुढे डच ईस्ट इंडिया कंपनीने १६३७ मध्ये तत्कालीन आदिलशाही मुलखातील वेंगुर्ले येथे वखार स्थापन केली. त्याच वर्षी हॉलंडमध्ये ट्यूलिपच्या कंदांचे वायदेभाव कोसळले होते. फूल ही हॉलंडमध्ये चैनीची वस्तू, सट्ट्याचे साधन आणि शास्त्राचा विषय अशी तिहेरी वस्तू बनली होती, आणि तिच्या मागे असलेले भांडवल याच सागरी व्यापारातून येत होते.

या व्यापाराचे सर्वांत मोठे शास्त्रीय फलित म्हणजे 'होर्तुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ. मलबारचा डच गव्हर्नर हेंड्रिक फान रेड याने तो सिद्ध करविला आणि १६७८ ते १६९३ या काळात तो ॲम्स्टरडॅम येथे प्रकाशित झाला. सातशेहून अधिक वनस्पतींची वर्णने व चित्रे त्यात आहेत. केरळचे वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी भाषक वैद्यांचे साहाय्य त्यास झाले. १६७५ मध्ये त्यांनी लिहून दिलेले नागरी लिपीतील कोकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापले गेले. नागरी लिपीच्या मुद्रणाच्या आरंभीच्या नमुन्यांत त्याची गणना होते. वनस्पतींच्या चित्रांवर लॅटिन व मल्याळम् नावांसोबत नागरीत कोकणी नावेही कोरली आहेत. या ग्रंथावर टिपणे लिहिणारा यान कोमेलिन हा ॲम्स्टरडॅमच्या त्याच वनस्पती-उद्यानाचा एक प्रमुख होता. म्हणजे ज्या वर्तुळात फ्रेडरिक रॉयस वावरत होते आणि ज्या उद्यानातून राखेलच्या चित्रांना विदेशी फुले मिळत होती, त्याच वर्तुळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील वैद्यांचे ज्ञान छापील रूपाने पोचले होते.

या फुलांच्या प्रवासाची खूण धाराशिव जिल्ह्यात आजही दिसते. तुळजापूरच्या नवरात्रात आणि दसऱ्याला ज्या फुलाचे ढीग लागतात, तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. अमेरिकेच्या शोधानंतर आयबेरियन जहाजांतून तो युरोपात गेला आणि पोर्तुगिजांच्या संपर्कानंतर भारतात आला. डच पुष्पचित्रांच्या पात्रांतही झेंडू आढळतो. एकाच सागरी युगाने एक फूल ॲम्स्टरडॅमच्या कॅनव्हासवर आणि तेच फूल भवानीच्या तोरणात नेले. भवानीच्या आराध्यांच्या गळ्यातील कवड्यांची माळही समुद्राचीच साक्ष देते. मालदीवची कवडी हिंदी महासागरातील चलनी वस्तू होती आणि डच जहाजांतून ती ॲम्स्टरडॅमलाही जात असे. धाराशिव समुद्रापासून दूर असला, तरी सागरी इतिहासापासून दूर नव्हता. प्राचीन काळी तगर म्हणजे आजचे तेर यानेही हेच सिद्ध केले आहे.

नाव कोणाचे टिकते?

या सर्व व्यवहारात नाव कोणाचे राहिले आणि कोणाचे गेले, याचा विचार केल्यास काही गोष्टी स्पष्ट होतात. मारिया सिबिला मेरियन (१६४७–१७१७) ही जर्मनीत जन्मलेली, ॲम्स्टरडॅममध्ये स्थायिक झालेली चित्रकर्ती आणि कीटकअभ्यासक. मोनिंक्स संग्रहासाठी काम केलेली योहाना हेरोल्ट ही तिचीच कन्या. मेरियन १६९९ ते १७०१ या काळात सुरिनाम या डच वसाहतीत राहिली आणि १७०५ मध्ये तेथील कीटक व वनस्पतींवरील ग्रंथ तिने प्रसिद्ध केला. फ्रेडरिक रॉयस यांच्या संग्रहाचा उल्लेख त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत आहे. मराठवाड्यातील अंगणांत परिचित असलेल्या शंकासुराचे चित्रही त्यात आहे. गुलामगिरीत ठेवलेल्या स्त्रिया आपली मुले गुलाम म्हणून जन्मू नयेत, यासाठी या झाडाच्या बिया गर्भपातासाठी वापरीत, अशी नोंद मेरियनने त्या चित्राबरोबर केली आहे. ही माहिती तिला त्या स्त्रियांनीच दिली होती. ग्रंथावर मेरियनचे नाव आहे. माहिती देणाऱ्या स्त्रियांची नावे त्यात नाहीत. फुलाच्या देखण्या चित्रामागे किती दुःख असू शकते, याचा हा एक दाखला आहे. आणि ज्ञान देणारी स्त्री कशी अनामिक राहते, याचाही.

याउलट होर्तुस मलबारिकुसमध्ये रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट यांची नावे टिकली, कारण त्यांचे लेखी प्रमाणपत्र ग्रंथात जसेच्या तसे छापले गेले. परंतु रानावनांतून प्रत्यक्ष वनस्पती आणून देणाऱ्यांची अशी स्वाक्षरी त्यात नाही. लेखनविद्या ज्याच्या हाती, त्याचे नाव टिकते, असा हा व्यवहार आहे.

राखेल रॉयसच्या बाबतीत चार गोष्टी एकत्र आल्या. तिने आपल्या चित्रांवर नाव व वर्ष लिहिले. व्यावसायिक संस्थेच्या दप्तरात तिची नोंद झाली. दरबारी नेमणुकीमुळे तिचा पत्रव्यवहार व व्यवहार लेखी झाले. आणि तिच्या हयातीतच तिच्याविषयी लिहिले गेले : १७५० मध्ये योहान फान खोल याने तिचे चरित्र प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी तिच्या स्तुतिपर कवितांचा संग्रहही निघाला. केवळ प्रतिभेने नाव टिकत नाही. प्रतिभेला दप्तराची जोड लागते.

एवढे असूनही विसाव्या शतकातील कलेतिहासाच्या अनेक सर्वसामान्य ग्रंथांत तिला जागा मिळाली नाही. गोम्ब्रिख यांच्या १९५० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि जगभर अभ्यासल्या गेलेल्या कलेतिहासाच्या पहिल्या आवृत्तीत एकाही स्त्री कलावंताचा समावेश नव्हता. लिंडा नॉक्लिन यांनी १९७१ मध्ये थोर स्त्री कलावंत का झाल्या नाहीत हा प्रश्न उपस्थित करून त्याचे उत्तर व्यक्तीच्या प्रतिभेत नव्हे, तर संस्थांच्या रचनेत शोधले. त्यानंतर या अभ्यासाला नवी दिशा मिळाली. २०२१ मध्ये राइक्सम्युझियमने आपल्या मुख्य दालनात प्रथमच स्त्रियांची चित्रे कायमस्वरूपी मांडली. त्यांत रॉयस व लेस्टर यांचा समावेश होता. २०२४–२५ मध्ये म्युनिक, टोलेडो आणि बोस्टन येथे रॉयसचे पहिले मोठे स्वतंत्र प्रदर्शन झाले. निधनानंतर सुमारे पावणेतीनशे वर्षांनी हे घडावे, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

महाराष्ट्रातील आधुनिक कलेचा इतिहासही याच दृष्टीने पाहता येईल. मुंबईत १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण घेऊन पदविका मिळविणाऱ्या आरंभीच्या स्त्रियांमध्ये अंबिका धुरंधर (१९१२–२००९) यांचे नाव अग्रभागी आहे. त्या चित्रकार म. वि. धुरंधर यांच्या कन्या. रॉयसप्रमाणेच त्यांनाही पित्याच्या घरात पहिली शाळा लाभली. ज्या स्त्रियांना असे घर लाभले नाही, त्यांची कला अंगणात आणि उंबऱ्यावर राहिली. धाराशिव जिल्ह्यातील गावागावांत पहाटे काढली जाणारी रांगोळी, जुन्या लुगड्यांच्या थरांतून शिवलेली गोधडी, तांड्यांवरील बंजारा स्त्रियांचे भरतकाम यांत फुलांच्या आकृती पिढ्यान्‌पिढ्या आल्या आहेत. त्या रचनांतही मोजमाप, स्मरण आणि हातोटी आहे. रांगोळी दुसऱ्या दिवशी पुसली जाते. गोधडी वापरून विरते. परंतु पुसले जाणे हे त्या कलेचे स्वरूप आहे. न नोंदविले जाणे हा मात्र अभ्यासकांचा दोष ठरतो.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, पुष्पचित्राला गौण ठरविणारी प्रतवारी त्या प्रकाराच्या स्वरूपातून निघालेली नव्हती. रॉयसच्या चित्रांत शास्त्रीय निरीक्षण आणि मनात केलेली रचना यांचा मेळ आहे. दुसरा, तिची चित्रे एका जागतिक व्यवहाराचा भाग आहेत. त्या व्यवहारात वसाहतींतील शोषण आहे, तसेच भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील वैद्यांचे ज्ञानही आहे; चित्राचे सौंदर्य मान्य करताना या दोहोंचा विसर पडू नये. तिसरा, कलावंताचे नाव टिकणे हे प्रतिभेइतकेच नोंदीवर अवलंबून असते.

यांपैकी तिसऱ्या निष्कर्षाचा संबंध महाविद्यालयीन अध्ययन-अध्यापनाशी थेट येतो. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, परंडा, कळंब, भूम या परिसरातील महाविद्यालयांत इतिहास, मराठी, गृहविज्ञान आणि वनस्पतिशास्त्र हे विभाग शेजारी शेजारी असतात. एखाद्या गोधडीची रचना, तिच्यातील फुलांची स्थानिक नावे, ती शिवणारीचे नाव तिच्या संमतीने, गाव आणि वर्ष यांची नोंद हे या विभागांनी मिळून करता येण्याजोगे काम आहे. त्यास मोठे अनुदान लागत नाही. राखेल रॉयसने चित्राच्या कोपऱ्यात नाव, साल आणि वय लिहिले, म्हणून तीन शतकांनंतर तिच्या कार्याचे मूल्यमापन शक्य झाले. ज्यांना असा कोपरा मिळाला नाही, त्यांच्यासाठी तो उपलब्ध करून देणे ही प्रादेशिक इतिहासलेखनाची जबाबदारी आहे.